नकाशातलं पाणी, विहिरीतलं पाणी : भूजलपातळीच्या रंगीत नकाशांची समीक्षा

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)



समीक्षा म्हटली की आपल्याला कादंबरी आठवते, नाटक आठवतं, फार तर सिनेमा. आज मी नकाशाची समीक्षा करणार आहे. एखाद्या विशिष्ट नकाशाची नाही, तर नकाशाच्या एका जातीची. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली आहे. जिल्ह्याची किंवा तालुक्याची सीमारेषा, आत निळा, हिरवा, पिवळा, लाल असे रंग. एक नकाशा मे महिन्यातल्या भूजलपातळीचा, दुसरा ऑक्टोबरमधला, तिसरा या दोहोंमधल्या फरकाचा आणि चौथा पावसाचा. खाली निष्कर्ष ठरलेला असतो: जिथे पाऊस जास्त तिथे पातळीतली वाढ जास्त, सबब पाऊस आणि भूजल यांचा थेट संबंध आहे.

भूगोलाच्या प्रबंधांत हे चार नकाशे सापडतात, पाणलोट प्रकल्पांच्या अहवालांत सापडतात, आणि उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतही छापून येतात. जीआयएस सॉफ्टवेअर फुकट मिळू लागल्यापासून तर ते कुणालाही एका दुपारी करता येतात. हे चांगलंच झालं. पण नकाशा करणं जितकं सोपं झालं, तितकं तो वाचणं सोपं झालेलं नाही.

आणि हा केवळ अभ्यासकांचा घरगुती वाद नाही. भूजलपातळीच्या आकड्यांवरून पाणलोट क्षेत्र सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित हे ठरायला मदत होते. सरकारी योजनेतून विहीर द्यायची की नाही, यात ते वर्गीकरण पाहिलं जातं. २०१६च्या दुष्काळ संहितेत पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, जलाशय यांच्या बरोबरीने भूजल हाही एक निकष आहे. म्हणजे नकाशात तुमचा तालुका कुठल्या रंगात पडला, याचा तुमच्या गावात टँकर येण्याशी संबंध आहे. म्हणून हा नकाशा नीट वाचायला हवा.

ठिपके आणि रंग

पहिला प्रश्न अगदी साधा. हा रंग आला कुठून?

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ आहे ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने वर्षानुवर्षं ज्या निरीक्षण विहिरी मोजल्या, त्या चार हजारांच्या आसपास. अलीकडे गावोगावच्या आणखी विहिरी यात जोडल्या गेल्या आहेत, पण जुन्या नोंदी, ज्यांवर पंचवीस-तीस वर्षांचे कल काढले जातात, त्या या चार हजारांच्या. भागाकार करून बघा. एका विहिरीच्या वाट्याला सुमारे पाऊणशे चौरस किलोमीटर येतात. राज्यात गावं आहेत चाळीस हजारांहून जास्त. म्हणजे साधारण दहा गावांमागे एक विहीर.

आता नकाशात ठिपके असायला हवेत. एका तालुक्यात दहा-बारा. पण आपल्याला दिसतो तो सलग रंग. मधली जागा कुणी भरली? ती सॉफ्टवेअरने भरली. बहुतेक वेळा त्यासाठी आयडीडब्ल्यू नावाची पद्धत वापरतात. तिचा नियम सोपा आहे: ज्या जागी मोजमाप नाही, तिथली पातळी आसपासच्या विहिरींच्या सरासरीने ठरवायची, आणि जवळच्या विहिरीला जास्त वजन द्यायचं. तुमच्या नकाशात एखाद्या विहिरीभोवती गोल गोल कडी दिसत असतील, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, तर ती जमिनीखालची रचना नाही. ती गणिताची खूण आहे. जमिनीखाली पाणी असं कड्याकड्यांनी बसत नाही.

सपाट गाळाच्या प्रदेशात हे गणित बऱ्यापैकी चालतं. गंगेच्या मैदानात दोन विहिरींच्या मध्ये काय असेल याचा अंदाज बांधणं धोक्याचं नाही. पण आपल्या राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. विहीर खणणाऱ्याला विचारा, तो सांगेल: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच लाल गेरूचा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. एका शेतात विहिरीला सात परस पाणी आणि बांधापलीकडे कोरडा दगड, हे आपल्याकडे कुणालाच नवल वाटत नाही. धुळे-नंदुरबारकडे तर जमिनीत उभ्या भिंतींसारखे घुसलेले खडक आहेत, भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. अशा भिंतीच्या दोन बाजूंना पाण्याची पातळी वेगवेगळी असू शकते. सॉफ्टवेअरला ती भिंत दिसत नाही. त्याला फक्त दोन ठिपके आणि त्यांच्यातलं अंतर दिसतं.

शिवाय माणूस विहीर कुठे खणतो? पाणी लागेल अशी आशा असते तिथे. म्हणजे बहुधा सखल जागी, ओढ्याच्या अंगाला. डोंगरउतारावरच्या वस्तीत निरीक्षण विहीर असण्याची शक्यता कमी. त्यामुळे खालच्या विहिरींचा रंग नकाशात वरपर्यंत चढतो. उतारावरच्या वस्तीला मार्चपासून पाणी नसतं, आणि नकाशात ती हिरव्या रंगात सुखाने बसलेली असते.

यावर उपाय नाही असं नाही. क्रिगिंग नावाची पद्धत प्रत्येक जागी अंदाजासोबत त्या अंदाजाची अनिश्चितताही देते. ती अनिश्चितता वेगळ्या नकाशात दाखवता येते. पण किती अहवालांत हा दुसरा नकाशा छापलेला तुम्ही पाहिला आहे? तो छापला तर पहिल्या नकाशाची ऐट उतरते, हे त्यामागचं खरं कारण असावं अशी मला शंका आहे.

एक मीटर म्हणजे किती पाणी?

दुसरा प्रश्न. नकाशात लिहिलं आहे, "पातळीत ५ मीटर वाढ". वाचणाऱ्याला वाटतं, वा, बरंच पाणी आलं. पण खडकात पाच मीटर पाणी चढलं म्हणजे पाच मीटर खोल तळं भरलं असं नव्हे. खडकातल्या पोकळ्यांमध्ये जेवढं मावतं, तेवढंच पाणी.

भूजलाच्या मूल्यांकनासाठी देशात १९९७च्या समितीची पद्धत दीर्घकाळ वापरली गेली, नंतर २०१५मध्ये ती सुधारली. १९९७च्या त्या निकषांत झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टसाठी विशिष्ट उत्पन्न, म्हणजे खडकातून प्रत्यक्ष काढता येणाऱ्या पाण्याचं प्रमाण, सुमारे २ टक्के धरलं आहे. वाळूमिश्रित गाळासाठी १६ टक्के. आता हिशोब करा. बेसाल्टमध्ये ५ मीटर वाढ म्हणजे पाण्याचा १०० मिलिमीटर जाडीचा थर. वाळूच्या गाळात तीच ५ मीटर वाढ म्हणजे ८०० मिलिमीटर. आठपट फरक, आणि नकाशात रंग एकच.

महाराष्ट्रात हे दोन्ही प्रदेश आहेत. तापी-पूर्णेचं गाळाचं खोरं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बेसाल्ट. जळगाव जिल्ह्याचा नकाशा काढला तर एकाच चौकटीत दोन्ही येतात. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात पातळी एक मीटरने खाली जाणं आणि पाचोऱ्याकडच्या पाषाणात एक मीटरने खाली जाणं, या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीत बरंच जास्त पाणी गेलेलं असतं. तरी नकाशा दोघांना एकाच फिक्या पिवळ्यात रंगवतो.

म्हणून मीटरचा नकाशा एकटा छापू नये. त्याच्या शेजारी मिलिमीटरचा नकाशा हवा, म्हणजे खडकाच्या प्रकारानुसार गुणाकार करून काढलेला. जीआयएसमध्ये हे काम पाच मिनिटांचं आहे. पण त्यासाठी भूशास्त्राचा थर आधी घालावा लागतो, आणि तिथेच अनेकांचा कंटाळा सुरू होतो.

जास्त वाढ, म्हणजे जास्त पुनर्भरण?

आता या नकाशांच्या निष्कर्षाकडे येऊ. "पाऊस जास्त तिथे वाढ जास्त."

दोन गावं कल्पूया. सोयीसाठी त्यांना वरचं गाव आणि खालचं गाव म्हणू. खडक सारखा, पाऊसही सारखाच, ८०० मिलिमीटर. वरच्या गावात ऊस आणि उन्हाळी पिकं, त्यामुळे मेअखेर विहिरीची पातळी जमिनीखाली ९ मीटर. खालच्या गावात ज्वारी, हरभरा; मेअखेर पातळी ६ मीटर. दोन्हीकडे विहिरी १२ मीटर खोल. पावसाळ्यात दोन्हीकडचा खडक भरतो तो ४ मीटरपर्यंत. त्याच्या वर गेलेलं पाणी ओढ्याला फुटतं.

पावसाच्या १३ टक्के पाणी जमिनीत मुरलं असं धरू. सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टसाठी तसाच निकष आहे. म्हणजे १०४ मिलिमीटर. बेसाल्टमध्ये ते ५.२ मीटर वाढ देऊ शकतं. वरच्या गावात जागा होती ५ मीटरची, ती भरली. खालच्या गावात जागा होती २ मीटरची, तीही भरली. उरलेलं वाहून गेलं.

नकाशात काय दिसेल? वरचं गाव गडद निळं, वाढ ५ मीटर. खालचं गाव फिकं, वाढ २ मीटर. अहवाल लिहिणारा म्हणेल, वरच्या गावात पुनर्भरण उत्तम झालं, तिथली पाणलोटाची कामं यशस्वी झाली. आकडा खोटा नाही, तिथे खरंच जास्त पाणी मुरलं. पण ते मुरलं, कारण गावाने आधी उपसून जागा रिकामी केली होती. फरकाचा नकाशा हा पावसाचा नकाशा जितका आहे, तितकाच तो मागच्या उन्हाळ्याच्या उपशाचा नकाशा आहे.

आता पुढच्या वर्षी पाऊस निम्मा पडला, ४०० मिलिमीटर. मुरलं ५२ मिलिमीटर, म्हणजे २.६ मीटर. खालचं गाव पुन्हा ४ मीटरपर्यंत भरलं. वरचं गाव पोचलं ६.४ मीटरवर. त्याची नेहमीची गरज ५ मीटरची. ६.४ आणि ५, झाले ११.४. विहीर १२ मीटर. म्हणजे पिकांचा नेहमीचा उपसा केला तर मे महिन्यात तळाशी जेमतेम गुडघाभर पाणी, आणि कमी पावसाच्या वर्षी उपसा नेहमीपेक्षा वाढतोच. टँकर कुठे लागेल? ज्या गावाला नकाशाने आदल्या वर्षी गडद निळा रंग दिला, त्याच गावात.

हा जाडाभरडा हिशोब आहे, खऱ्या खडकात इतकं नीटनेटकं काही होत नाही. पण दिशा तीच असते. सरकारी मूल्यांकनाची पद्धतही नुसत्या पातळीच्या फरकावर चालत नाही. तिच्यात पावसाळ्यातला उपसा मोजतात, खडकाचा गुणांक लावतात, आणि पावसावरून काढलेल्या पुनर्भरणाशी आकडा ताडून पाहतात. ज्या चार नकाशांबद्दल मी बोलतो आहे, त्यांत हे सगळं गळून जातं आणि उरतो फक्त रंग.

पाऊस कुठला, कधीचा?

चौथ्या नकाशाकडे, पावसाच्या नकाशाकडे, सहसा कुणी संशयाने पाहत नाही. पण तोही ठिपक्यांतूनच आलेला असतो.

हवामान खात्याची चौकटीतली पर्जन्यमाहिती पाव अंशाची आहे. आपल्या अक्षांशावर एक चौकट होते सुमारे ७०० चौरस किलोमीटरची. महाराष्ट्रातला सरासरी तालुका साडेआठशेच्या घरात. म्हणजे अख्ख्या तालुक्याला एक-दोन चौकटी. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण-खटावला ५००च्या आसपास. घाटाजवळ काही कोसांत पाऊस निम्म्यावर येतो. तिथे इतक्या मोठ्या चौकटीची सरासरी कुणाच्याच शिवारात पडलेली नसते. राज्यात आता दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. मंडळाचा पाऊस हाताशी असताना मोठी चौकट वापरायची, तर त्याचं कारण सांगायला हवं.

दुसरं, बेरजेचा प्रश्न. जून ते सप्टेंबर ६०० मिलिमीटर, एवढा एकच आकडा नकाशात जातो. पण ६०० मिलिमीटर चाळीस दिवसांत झिरपत पडला की दहा दिवसांत कोसळला? काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, पहिलं पाणी भेगांतून खाली उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचा धो-धो पाऊस ओढ्याला जातो. ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघडीप पडली तर विहिरीतून उभ्या पिकाला पाणी द्यावं लागतं. पावसाची बेरीज तीच, पातळी वेगळी. आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरात मोजणीच्या चार दिवस आधी पडला की मोजणीनंतर, यानेही आकडा हलतो, कारण बेसाल्टमधलं पाणी पाऊस थांबताच ओढ्या-नाल्यांकडे ओसरायला लागतं.

कोकणाचं उदाहरण तर या नकाशांच्या निष्कर्षाला सरळ आव्हान आहे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. ऑक्टोबरचा नकाशा पाहिला तर पाणी जमिनीच्या अगदी जवळ, सगळं निळं. आणि एप्रिल-मेमध्ये डोंगराळ वाड्यांवर टँकर. तीव्र उतार, जांभा आणि त्याखालचा खडक. आलेलं पाणी लवकर समुद्राकडे निघून जातं. तिथे पावसाचा आकडा दुप्पट झाला तरी उन्हाळ्यात फारसा फरक पडत नाही. खडकाची घागर भरली की वरचा पाऊस तिच्या काठावरून सांडतो. ऑक्टोबरच्या पातळीवरून मे महिन्याचं भाकीत करता येत नाही, एवढं कोकण आपल्याला शिकवतं.

गळालेल्या विहिरी, न दिसणारे बोअर

आता दोन गोष्टी, ज्या नकाशात येतच नाहीत.

पहिली, कोरडी विहीर. मे महिन्यात मोजणारा माणूस विहिरीवर गेला आणि विहीर कोरडी निघाली, तर नोंदवहीत आकडा नसतो, "कोरडी" असं लिहिलेलं असतं. ही माहिती संगणकात चढवताना आकडा नसलेल्या ओळी गाळल्या जातात. परिणाम लक्षात घ्या. सगळ्यात वाईट स्थितीतल्या विहिरी सरासरीतून बाहेर पडतात आणि तालुक्याची सरासरी सुधारते! दुष्काळ जितका तीव्र, तितक्या जास्त विहिरी गळणार. कोरड्या विहिरीची निदान खोली तरी धरली पाहिजे, "पातळी याहून खाली" अशी खूण करून. कुठल्याही अहवालात मी सगळ्यात आधी हे बघतो: मे महिन्यात किती विहिरी होत्या आणि ऑक्टोबरात किती. दोन्ही आकडे वेगळे असतील आणि त्याचं कारण दिलेलं नसेल, तर फरकाचा नकाशा बाजूला ठेवावा.

दुसरी, खोल बोअर. निरीक्षण विहिरी प्रामुख्याने उथळ खोदविहिरी. त्या वरच्या खडकाची पातळी सांगतात. पण वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांना किंवा दुष्काळी पट्ट्यातल्या फळबागांना पाणी कुठून येतं? शेकडो फूट खोल बोअरमधून. वरचा थर एका चांगल्या पावसाळ्यात भरतो. खालच्या भेगांतलं पाणी भरायला पुष्कळ वेळ लागतो. म्हणजे असं होऊ शकतं की नकाशा निळा, खोदविहिरी भरलेल्या, आणि तरीही गावातले बोअर एकामागून एक आटत चाललेले. गावकरी सांगतात पाणी चाललं, कार्यालय सांगतं पाणी वाढलं. दोघंही खरं बोलत असतात, दोघं वेगळ्या थराबद्दल बोलत असतात.

आधी आणि नंतर

या सगळ्याचा सार्वजनिक चर्चेवर काय परिणाम होतो, ते एका उदाहरणावरून पाहू.

जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालं. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं मराठवाड्यात कमी पावसाची. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षीचा पावसाळा मराठवाड्यात चांगला झाला. आता २०१६च्या उन्हाळ्याला "आधी" म्हणा आणि २०१६च्या पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरला किंवा पुढच्या वर्षाला "नंतर" म्हणा. कुठलंही काम झालं नसतं तरी नकाशा लालाचा निळा झालाच असता. मग २०१८मध्ये पाऊस कमी झाला, राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. टीकाकारांनी २०१८चा लाल नकाशा पुढे केला आणि योजना फसली म्हणाले. हाही पुरावा तितकाच अपुरा. २०२०मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजलपातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं त्याचं म्हणणं. त्यावरही पुन्हा तोच वाद.

योजना चांगली की वाईट, हा आजचा विषय नाही. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही बाजूंनी एकच चूक केली. पावसाचा परिणाम वेगळा न काढता पातळीचा फरक पुढे केला. हे वेगळं काढता येतं. साधारण सारख्या पावसाची दोन वर्षं निवडा, एक कामाआधीचं आणि एक नंतरचं. किंवा शेजारचं पाणलोट घ्या, जिथे खडक आणि पाऊस तोच आहे पण कामं झालेली नाहीत. आणि पीकपद्धती बदलली का ते पाहा. नाल्यात पाणी अडल्यावर लोकांनी ऊस वाढवला असेल, तर काम यशस्वी होऊनही मे महिन्याची पातळी सुधारणार नाही. तो दोष नाल्याच्या बांधाचा नाही.

मग नकाशा टाकून द्यायचा का?

नाही. एवढी टीका केल्यावर मला त्याची बाजूही मांडायला हवी.

नकाशा नसता तर चार हजार विहिरींचे आकडे तक्त्यांमध्ये पडून राहिले असते. नकाशामुळे कल दिसतो, शेजारच्या तालुक्याशी तुलना होते, मोजणीतली चूक उघडी पडते. चहूकडे ६ मीटर आणि मध्ये एक विहीर २५ मीटर दिसली की माणूस जाऊन बघतो. एकाच विहिरीचा एकाच महिन्यातला वीस-तीस वर्षांचा कल हा तर फार मोलाचा पुरावा आहे, कारण त्यात मधली जागा भरण्याचा प्रश्नच येत नाही. केंद्रीय भूजल मंडळाने २०१२पासून जलधरांचे नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात सीमारेषा तालुक्याची नसून खडकाची आहे. दिशा बरोबर आहे ती हीच.

मग चांगला नकाशा कसा ओळखायचा? तो विहिरींचे ठिपके लपवत नाही. किती विहिरी, किती कोरड्या, हे सांगतो. उथळ आणि खोल पाण्याची सरमिसळ करत नाही. मीटरसोबत मिलिमीटर देतो. पावसाच्या बेरजेसोबत पावसाचे दिवस देतो. आणि उपशाबद्दल, निदान पिकांखालच्या क्षेत्राबद्दल, काहीतरी बोलतो. यातलं काहीच नसेल तर तो नकाशा चुकीचा असेलच असं नाही, पण त्यावरून निर्णय घेऊ नये.

हिवरे बाजारचं उदाहरण आपल्या सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्याचा एकच भाग सांगतो. त्या गावात पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि ग्रामसभा त्यावरून रब्बीत काय घ्यायचं ते ठरवते. शेतीसाठी बोअरवेलला बंदी आहे. तिथे पाऊस आणि भूजल यांच्यामध्ये जो दुवा नकाशात नेहमी गायब असतो, म्हणजे उपसा, तोच चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. पाऊस आपल्या हातात नाही, खडकही नाही. हातात आहे तो मधला दुवा. तोच नकाशात नसेल, तर दरवर्षी आपण पावसाला शाबासकी देणार किंवा पावसाला दोष देणार.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, उपग्रहावरून थेट भूजल मोजता येतं असं वाचलं होतं. मग विहिरी मोजायची गरज काय?

उत्तर : तुम्ही म्हणता ते ग्रेस उपग्रहांबद्दल. २००२ ते २०१७ ते काम करत होते, २०१८पासून त्यांची पुढची जोडी आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल मोजून ते पाण्याच्या वस्तुमानातला बदल सांगतात. राजस्थान, पंजाब, हरियाणा मिळून २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं, हा २००९चा प्रसिद्ध निष्कर्ष त्यांच्यावरूनच काढला. फार मोठं काम होतं ते. पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरची आहे. अख्खा मराठवाडा त्यांच्यासाठी एखादा ठिपका. त्या आकड्यांना बारीक चौकटी पाडून तालुक्याचा नकाशा कुणी दाखवत असेल, तर बारकावा दुसऱ्या कुठल्यातरी प्रारूपातून आलेला असतो. ते विचारून घ्यावं. तालुक्यासाठी विहिरीत टेप सोडण्याला अजून पर्याय नाही.

प्रश्न : आमच्या गावाने स्वतःचा नकाशा करायचा ठरवला, तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर : नकाशापासून करू नका, वहीपासून करा. गावाच्या वेगवेगळ्या भागांतल्या दहा विहिरी निवडा, ओढ्याकाठच्याच नको, उतारावरच्याही घ्या. दरवेळी त्याच विहिरी. जानेवारी, मार्च, मेअखेर आणि ऑक्टोबर, वर्षातून चार वेळा. सकाळी, मोटार सुरू होण्याआधी मोजा, नाहीतर पाणी उपसलेली पातळी मिळेल. कठड्यापासून मोजत असाल तर कठड्याची उंची वजा करा. विहीर कोरडी असेल तर तसं लिहा आणि विहिरीची खोलीही लिहा. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. विहिरीची जागा मोबाइलवरून मिळेल, पण उंचीसाठी मोबाइलवर विसंबू नका. आणि शेवटचा रकाना ठेवा: त्या विहिरीवर या हंगामात कुठलं पीक, किती एकर. तीन वर्षांत तुमच्याकडे जी वही तयार होईल, ती घेऊन तालुक्याच्या बैठकीला जा. समोर रंगीत नकाशा लावलेला असेल, त्यात तुमचं गाव हिरवं असेल. तेव्हा वही उघडा आणि विचारा, यातली आमची विहीर कोणती?